कादरभाईंची तसल्ली

कादरभाई पनवेलमध्ये बसून काशीदच्या नळाचं पाणी ऐकतात.

अगदी खरोखर. खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार माझ्या दारासमोर. संध्याकाळी दोन्ही दारं उघडी असतात, त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं आमच्या घरात आणि आमच्या घरातलं त्यांच्या घरात आपोआप येतं-जातं. एकदा ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हां, आता बाथरूममध्ये जा. नळ सोडा. पूर्ण सोडा. आता फोन नळाजवळ धरा." मग डोळे मिटून, फोन कानाला दाबून बसले. मला वाटलं, प्लंबरशी चाललंय. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "प्रेशर कमी आहे तुमचं, भाई. शुक्रिया." आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" मी चपला घालता घालता विचारलं.

"काशीदचा कॉटेजवाला. आदमी भला आहे. पण तसल्ली झाली नाही."

तसल्ली हा कादरभाईंचा शब्द. भाजीवाल्याकडून दुधी घेताना ती व्हावी लागते, रिक्षात बसताना व्हावी लागते. डॉक्टरने औषध दिलं तर कादरभाई डॉक्टरलाच विचारतात, "तुमची स्वतःची तसल्ली आहे ना?"

ते मूळचे आपटा गावचे. उमेदीची सगळी वर्षं आखातात एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. आता पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि भरपूर वेळ. झुबेदाभाभी त्यांच्या बरोबर उलट्या. त्यांना कशाचीच तसल्ली लागत नाही. हाताला लागेल तो दुधी त्या पिशवीत टाकतात आणि तो गोडच निघतो. कादरभाईंचं म्हणणं, हे नशीब आहे, पद्धत नव्हे.

तर या भाभींनी एकदा टीव्हीवर शेकरू पाहिलं. मांजराएवढी मोठी, तांबूस खार, झुबकेदार शेपटी सोडून फांदीवर बसलेली. मुरुडजवळ फणसाडच्या जंगलात ती राहते असं कळल्यावर भाभी सहज म्हणाल्या, "एकदा जायला पाहिजे. एक रात्र राहू." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नातेवाइकांची घरं सोडली तर भाभी कुठेही मुक्कामाला राहिल्या नव्हत्या.

कादरभाईंनी ते मनावर घेतलं, आणि मुक्कामाची जागा शोधायचं काम सुरू झालं.

फणसाडचं बरं असं की एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला समुद्र. कादरभाईंना दोन्ही पाहिजे होतं, पण आपल्या अटींवर. "समुद्र ऐकू आला पाहिजे, दिसला नाही तरी चालेल. जंगल दिसलं पाहिजे, पण खोलीत यायला नको." काशीदपासून मुरुडपर्यंत ज्याने ज्याने म्हणून बोर्ड लावला होता, त्या प्रत्येकाला फोन गेला. खाट करकरते का, जरा बसून दाखवा. आता उठा. पुन्हा बसा. शेजारी कुत्रा आहे का? कोंबडा आहे का? किती वाजता ओरडतो? एकाने वैतागून सांगितलं, "साहेब, मी त्यालाच विचारून कळवतो."

"खोलीतून पश्चिम कुठली?" हा प्रश्न सगळ्यांना असायचा. नमाजासाठी. कॉटेजवाल्यांना वाटायचं, गिऱ्हाईक सूर्यास्ताचं शौकीन आहे. "पश्चिम एकदम समोर, साहेब! काय फोटो येतात!"

"फोटो राहू द्या. भिंतीच्या बाजूला आहे की दाराच्या?"

मला या सगळ्याची गंमत वाटायची आणि कुतूहलही. एका रात्रीसाठी माणूस इतकं का करतो? बरं, कादरभाई चिकट नव्हते, भित्रेही नव्हते. एके दिवशी म्हणाले, "घरतसाहेब, आधी जवळच एखादी खोली बघून येऊ. काय विचारायचं राहतंय ते समजेल." म्हणून मी त्यांना नेऱ्याच्या बाजूला ओळखीच्या एका फार्महाऊसवर घेऊन गेलो. त्यांनी चपला दाराशी काढल्या, पलंगावर आडवे झाले, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले. ते इतका वेळ तसेच पडून राहिले की वॉचमन घाबरून पाणी घेऊन आला.

कादरभाई उठले. "पंखा पलंगाच्या बरोबर मध्ये नाही. एका अंगाला आहे. हवा एकालाच लागेल."

"मग?"

"मग दुसऱ्याचं काय?" असं म्हणून ते चपला घालायला लागले.

असे महिने गेले. भाभी बॅग भरायच्या, ऐन वेळी काहीतरी निघायचं, की पुन्हा उपसायच्या. शेवटी थंडीच्या दिवसांत एक दिवस कादरभाई माझ्या दारात उभे राहिले. चेहरा उजळलेला. "झाली." मी विचारलं, "काय?" "तसल्ली."

शनिवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीने निघालो. कादरभाई पुढे माझ्याशेजारी, भाभी आणि माझी बायको सुनीता मागे. रेवदंड्यापाशी चहाला थांबलो. कादरभाई नाश्त्याच्या वेळेची खात्री करायला पुन्हा एकदा कॉटेजवाल्याला फोन लावत लांब गेले, तेव्हा मी भाभींना विचारलंच, "भाभी, हे नळ वगैरे ऐकायचं काय आहे?"

भाभी हसल्या. "ती जुनी खोड आहे. तिकडून फोन यायचा तेव्हा बोलणं लगेच संपायचं हो. पोरं कशी आहेत, बरी आहेत. पैसे मिळाले, मिळाले. मग म्हणायचे, फोन ठेवू नको, तसाच बाजूला राहू दे आणि तू तुझं काम कर. मी भांडी घासायचे, पोरांवर ओरडायचे. हे तिकडे ऐकत बसायचे. एकदा इथला नळ बिघडला होता तर तिकडून सांगितलं, वायसर गेलाय."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी कप ठेवून गाडी काढायला उठलो.

काशीदच्या पुढचं ते कॉटेज खरंच छान होतं. नळाला जोर होता. पंखा पलंगाच्या मध्यावर होता. खाट करकरत नव्हती. कादरभाई मालकासारखे सगळं दाखवत होते, "ही खिडकी बघ, झुबेदा. आता ऐक."

आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडे फरशी कापायचं मशीन सुरू झालं.

असा आवाज की दात आंबावेत. शेजारच्या प्लॉटवर नव्या खोल्यांचं काम कालच सुरू झालं होतं आणि ते आठवडाभर तरी चालणार होतं. कॉटेजवाला ओशाळून म्हणाला, "साहेब, तुम्ही सगळं विचारलंत. हे तेवढं विचारलं नाहीत."

कादरभाई खिडकीजवळच उभे राहिले. मग इतकंच म्हणाले, "चला. परत जाऊ."

"मी नाही परत जाणार," भाभी म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण तसा मी आधी कधी ऐकलाही नव्हता. "बॅग भरायची आणि उपसायची, कंटाळले मी. घरतभाऊ, गाडी जंगलाकडे घ्या."

मी घेतली. समुद्र मागे पडला आणि रस्ता झाडांत शिरला. एका वाडीत कौलारू घरापुढे एक बाई वाल वाळवत बसली होती. भिंतीवर रंगाने लिहिलं होतं, 'राहण्याची व जेवणाची सोय'. भाभींनी काच खाली केली.

"खोली आहे?"

"हाय की. पन एशी नाय."

"झाडून घेतलेली आहे?"

"सकालीच घेतलीय."

"चालेल," असं म्हणून भाभी उतरल्यासुद्धा. जितका वेळ त्यांना दुधी निवडायला लागतो, तितकाही लागला नाही. त्या बाईंचं नाव गुलाबताई. त्यांनी घरामागच्या लांबट खोलीचं दार उघडलं, कादरभाई उंबऱ्यावर पोचले आणि तिथेच थांबले.

आत लोखंडी पलंग होते, एकावर एक. दुमजली. भिंतीला लागून दोन जोड्या, प्रत्येकीला एक शिडी.

"शालेची पोरं येतात ना जंगल बगायला," गुलाबताई म्हणाल्या, "त्यांच्यासाठी हायत. गाद्या नव्या हायत पन."

कादरभाई वळले आणि अंगणाच्या टोकाला, आंब्याखालच्या ओट्यावर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, रागावलेत.

"घरतसाहेब," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी तिकडे असल्याच पलंगावर झोपलो. वरचा माझा. कंपनी सांगेल ती खोली, कंपनी सांगेल तो पलंग. माझी तसल्ली कुणी विचारली नाही."

मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"सुट्टीवर घरी यायचो, तर घर तिचं. तिनेच घेतलं, तिनेच लावलं, तिनेच चालवलं. मी पाहुणा. माझी बॅग हॉलमध्येच असायची, कारण परत जायचंच असायचं. आता कायमचा आलोय, तरी साखर कुठल्या डब्यात ते मला विचारायला लागतं. ती सांगते बिचारी, कधी चिडत नाही. पण विचारणारा मीच." त्यांनी ओट्यावरचं एक सुकलेलं पान उचललं आणि खाली टाकलं. "मला वाटलं, एक खोली मी बघीन. एकच रात्र. तिथे ती येईल आणि मला विचारील, हे कुठे आहे, ते कुठे आहे. आणि मला सगळं माहीत असेल."

तेवढ्यात आतून भाभींची हाक आली.

"अहो! इकडे या. हे कसले पलंग आहेत, मला काही समजत नाही. ह्याच्यावर झोपतात तरी कसं?"

कादरभाई लगबगीने उठले. मी दारापर्यंत गेलो. सुनीता आत होतीच.

आत गेल्यावर ते वेगळेच दिसायला लागले. त्यांनी एका पलंगाचा दांडा धरून हलवून पाहिला, पायाखाली कागदाची घडी सरकवली आणि डुगडुग थांबवली. गुलाबताईंकडून एक जुनं लुगडं मागून घेतलं, वरच्या गादीखाली खोचून खाली सोडलं. खालच्या पलंगाला पडदा झाला. "असं केलं की बाहेर दिवा असला तरी झोप लागते. चपला इथे, दांड्यामागे. पाण्याची बाटली डोक्याशी, पायाशी कधी नाही. चष्मा उशीच्या खोळीत." हात भराभर चालत होते, कुठेही चाचपडत नव्हते. भाभी खालच्या पलंगावर बसून बघत होत्या.

"आणि तुम्ही?"

"मी वर."

"कायम वर?"

"पहिल्यापासून."

भाभींनी मान वर करून त्या पलंगाकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.

"अगो, गुडघे!" कादरभाई ओरडले. "पडशील!"

"पडणार नाही. धरा तुम्ही."

त्या एकेक पायरी चढल्या, वर पोचल्या, आणि धापा टाकत आडव्या झाल्या. कौलं त्यांच्या तोंडावर आल्यासारखी जवळ होती. त्यांनी हात लांब केला तर वाशाला लागला. तो तसाच ठेवून त्या पडून राहिल्या.

"इतकंच?" त्यांनी विचारलं.

"इतकंच," कादरभाई म्हणाले.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

सुनीताने माझा हात ओढला आणि आम्ही बाहेर निघालो.

"चल, उतर आता," कादरभाई आत म्हणत होते. "जंगलात जायचंय ना? शेकरू बघायचंय ना तुला?"

"थांबा हो," भाभींचा आवाज आला. "पडू दे मला इथे जरा."

मी वळून पाहिलं. भाभी हलत नव्हत्या, शिडीही हलत नव्हती. कादरभाई ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.