बुधवार कुठाय?

गायकवाडकाका दारात आले की "कसे आहात" वगैरे विचारत नसत. खांद्यावर सुतळीचं बंडल, आणि थेट हुकूम, "रद्दी काढा!"

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते अंबरनाथच्या आमच्या चाळीत घरोघर रद्दी गोळा करत. ती विकून बुद्धविहारामागच्या खोलीतल्या अभ्यासिकेचं लाइट बिल भरलं जाई. अंक तारखेप्रमाणे लावून बघत. एक कमी असला की चौकशी सुरू.

"बुधवार कुठाय?"

आईने बुधवारवर पापड वाळत घातलेले असत.

"वहिनी, पापड गच्चीवर चादरीवर घाला. पोरांच्या दिव्यावर नको."

बाबांनी एकदा पन्नासची नोट पुढे केली. काका दोन पावलं मागे सरकले. "नको साहेब. नोट देऊन माणूस मोकळा होतो. पेपर रोज येतो."

आमच्या इंग्रजी पेपरवर त्यांचा विशेष जीव, कारण त्याला भाव जास्त. "पोरी, तुझ्या इंग्लिश मिडियमचा समाजाला एवढा तरी उपयोग," म्हणायचे. मी नुसती हसायचे. मला कुणाशीच पटकन बोलता येत नसे.

मग रद्दीचा भाव पडला. बिल थकलं, वीज तोडायची नोटीस आली, आणि दहावीची परीक्षा महिन्यावर. शेजारच्या सिंधी वस्तीतले, कॅम्प चारचे एक कापडवाले शेठ म्हणाले, "साईं, पूरे साल का बिल मैं भरूँगा. रद्दी छोडो."

"और अगले साल?" काकांनी विचारलं. पण पोरांकडे बघून शेवटी हो म्हणाले.

पुढच्या पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. आई दोनदा दारात डोकावली. कधी नव्हे ते मीच गठ्ठा उचलून त्यांच्या खोलीवर गेले.

काका इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसले होते. एकटेच. हातात सुतळी, तिला गाठी मारत आणि सोडवत.

"आता कशाला?" ते म्हणाले. "बिल भरलंय. कारण नसताना कुणाच्या दारात जायचं?"

घरून पाठ केलेलं वाक्य मी एका दमात म्हटलं, "शेठजींचं पुढच्या वर्षी काय माहीत, काका? पेपर रोज येतो."

त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग गठ्ठा मांडीवर घेतला, चष्मा चढवला आणि एकेक तारीख लावू लागले.

"बुधवार कुठाय?"

"पापड," मी म्हटलं.

"चल," ते चपला शोधत म्हणाले, "वहिनींना विचारतोच."