दोनदा वारलेला नील्स

डेल्विन ओकलबेरीने मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता दोन मेलेल्या माणसांचा एक माणूस केला, आणि गुरुवार उजाडेपर्यंत सगळं कॉटनवुड फोर्क गाव एकमेकांचं नातेवाईक होऊन बसलं. हे त्याने वाईट हेतूने केलं नव्हतं. डेल्विन एकाहत्तर वर्षांचा, टर्की पाळण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला सरळमार्गी गृहस्थ. त्याने जे केलं ते आईसाठी केलं, आणि आईसाठी केलेल्या गोष्टींना आवर घालणं कुणालाच जमत नाही.

त्याची आई थोरा त्र्याण्णव वर्षांची. दर वर्षी चोवीस जुलैला, खोऱ्यात पहिल्यांदा आलेल्या पूर्वजांच्या आठवणीची मिरवणूक निघते, ती थोराने जन्मभर रस्त्याकडेला बसून पाहिली होती. मिरवणुकीच्या अग्रभागी दोन घोड्यांची, पांढऱ्या कनातीची जुनी गाडी असते. तिच्यात बसायचा मान फक्त गाव वसवणाऱ्या नील्स लार्सनच्या वंशजांना. जूनच्या एका रविवारी, जेवणानंतर हिरवी जेली चमच्याने हलवत थोरा म्हणाली, "एकदा त्या गाडीतून गाव बघायला हवं होतं रे. राहूनच गेलं." एवढंच म्हणाली आणि जेली खायला लागली. डेल्विनने मात्र हातातला चमचा खाली ठेवला.

खरं तर थोराही एका नील्स लार्सनची पणती होती. घोटाळा तिथेच होता. डेन्मार्कहून आलेल्या त्या मंडळींत बापाचं नाव तेच मुलाचं आडनाव, त्यामुळे नावं कमी पडायची आणि माणसं जास्त व्हायची. खोऱ्यात दोन नील्स लार्सन होते. सहा बैलगाड्या घेऊन १८५९ साली आलेला, गाव वसवणारा तो उंच नील्स. वर्षभराने, सगळं वसून झाल्यावर, बायको आणि अकरा बदकं घेऊन पोचलेला तो बदक नील्स. थोरा बदकवाल्याची. मिरवणुकीच्या गाडीत बदकवाल्यांना जागा नव्हती.

गाडीत बसायचं तर वंशावळीचा तक्ता लागायचा, आणि त्यावर वंशावळ केंद्राचा शिक्का. केंद्र म्हणजे चर्चच्या इमारतीतली मागची एक खोली. चार संगणक, जुन्या नोंदींच्या फिती बघायचं एक यंत्र, आणि सिस्टर मार्व्हा टटल. त्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात. मंगळवार-गुरुवार, दहा ते एक. सिस्टर मार्व्हांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि अजूनही त्या प्रत्येकाकडे गृहपाठ न केलेल्या मुलासारखं बघत. त्यांचा आवडता शब्द "पुरावा". कुणी म्हणालं, माझी पणजी सरदारघराण्यातली होती, की त्या चष्म्यावरून बघून तेवढा एकच शब्द उच्चारायच्या आणि पणजी निमूटपणे शेतमजुराच्या घरात परत जायची.

त्या मंगळवारी मात्र गावात एक मयत होतं. तिकडे कुणी वारलं की चर्चच्या स्वयंपाकघरात किसलेले बटाटे, चीज आणि वरून कॉर्नफ्लेक्स असे मोठमोठे ट्रे भट्टीत जातात, आणि ते ट्रे सिस्टर मार्व्हांशिवाय कुणाला जमत नाहीत. डेल्विनला संगणकासमोर बसवून त्या शेजारच्या स्वयंपाकघरात गेल्या. डेल्विनने प्रामाणिकपणे सुरुवात केली. आई, आजोबा, पणजोबा करत तो बदक नील्सपर्यंत आला. बदक नील्सवर बोट टेकवल्याबरोबर पडद्यावर एक पिवळी पट्टी झळकली. त्याच नावाचा, त्याच साली जन्मलेला आणखी एक माणूस सापडला आहे. हे दोघे एकच तर नव्हेत?

डेल्विनने ती पट्टी दोनदा वाचली. हे त्याला कुणी आजवर विचारलंच नव्हतं. इतकं मोठं यंत्र म्हणतंय तर असेलही, असं त्याने स्वतःला समजावलं आणि "होय" दाबलं. यंत्राने नम्रपणे कारण विचारलं. डेल्विनने एका बोटाने टंकलं, "आईची फार इच्छा आहे." यंत्राची तक्रार नव्हती. मग डेल्विनने स्वयंपाकघराच्या दारातून शिक्का कुठे आहे विचारलं. दोन्ही हात चीजमध्ये बुडालेल्या सिस्टर मार्व्हा म्हणाल्या, डाव्या खणात, आणि जाताना दार लावून घ्या. त्याने छापून घेतलेल्या तक्त्यावर शिक्का मारला, दार लावून घेतलं, आणि तक्ता मिरवणूक समितीच्या ॲरव्हिला ड्रेपरबाईंच्या हातात देऊन तो हलक्या पावलांनी घरी गेला.

डेल्विनला एक गोष्ट ठाऊक नव्हती. तो वंशवृक्ष एकट्याचा नसतो. सगळे मिळून एकच झाड वाढवतात, आणि एकाने फांदी वाकवली की ती सगळ्यांच्या अंगणात वाकते. बदक नील्सला अकरा मुलं, त्यांची मुलं, त्यांची मुलं. त्या संध्याकाळी दोनशे बारा फोनांवर एकच निरोप वाजला. अभिनंदन, आपण कॉटनवुड फोर्कच्या संस्थापकांचे वंशज आहात. दंतवैद्य डॉक्टर किंबल वंशज निघाले. शाळेच्या स्वयंपाकघरातली ट्रुडी वंशज निघाली. बसचालक, दोन्ही पेट्रोलपंपवाले, आणि लायब्ररीतली ती कुणाशीही न बोलणारी बाई, सगळे निघाले.

आता एका माणसाला अचानक दोन बायका आणि एकवीस मुलं झाली तर इतर कुठल्याही गावात कुणीतरी भुवया उंचावल्या असत्या. या खोऱ्यात उंचावल्या नाहीत. त्या काळी इथल्या पंथात ते चालायचं, निम्म्या घरांत दोन बायका होत्या, आणि प्रत्येक कुटुंबात एक अशी पणजी असते जिच्याबद्दल मोठी माणसं हळू आवाजात बोलतात. लोकांनी नील्सची दुसरी बायको समजूतदारपणे स्वीकारली. उलट, आजवर कशी लपवून ठेवली बघा, अशी चर्चा झाली.

स्वीकारली नाही ती एकट्या लोवेल लार्सनने. लोवेल हा उंच नील्सचा अस्सल खापरपणतू, फर्निचरच्या दुकानाचा मालक. गाडीतल्या पुढच्या बाकावर तो तीन महिन्यांचा असल्यापासून बसत आला होता. बुधवारी सकाळी तो डेल्विनच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. दोघे बालवाडीपासून एका वर्गात होते, त्यामुळे नमस्कार-चमत्कार झाले नाहीत.

"माझ्या खापरपणजोबाचं दुसरं लग्न तू लावलंस?"

"मी नाही, यंत्राने. मी फक्त होय म्हटलं."

"डेल्विन, माझी खापरपणजी इतकी कडक होती की तिच्या घरात कोंबडासुद्धा विचारून आरवायचा. तिने सवत खपवून घेतली असती?"

लोवेल निघून गेला, आणि डेल्विनला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने शरमल्यासारखं झालं. आईला मान मिळावा हे ठीक, पण तो दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलेला नसावा.

गुरुवारी दहाला तो केंद्रावर पोचला तर दाराबाहेर रांग. एरवी वर्षाकाठी चौदा माणसं यायची, आज तेवीस उभी होती, प्रत्येकाला शिक्का हवा होता. आत सिस्टर मार्व्हा नील्सचं पान उघडून बसल्या होत्या. त्यांनी डेल्विनला खुर्चीवर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"हा माणूस १८९१ साली वारला. मग १९०४ साली पुन्हा वारला. मधल्या तेरा वर्षांत त्याने दोन मुलींची लग्नं लावली आणि तलावाला बांध घातला. त्याला दोन कबरी आहेत, चार मैलांच्या अंतराने. हा माणूस आहे की पोस्टाचं पार्सल, ब्रदर ओकलबेरी?" मग त्यांनी चष्मा काढला. "आणि पुरावा काय? तर आईची फार इच्छा आहे."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. दोघांनी मिळून नील्सला सोडवायला घेतलं. या बायकोची मुलं इकडे, त्या बायकोची तिकडे, एक कबर याला, एक त्याला. दोन तास गेले. साडेबारा वाजता दोन्ही नील्स वेगळे झाले आणि डेल्विनने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुपारी तीनला डॉक्टर किंबलनी ते पुन्हा जोडले. कारण दिलं होतं, "आधी एकच होते, कुणीतरी खोडसाळपणे तोडले." मंगळवारी डेल्विनने पुन्हा सोडवले. जेवणापर्यंत ट्रुडीने जोडले. गुरुवारी त्याने सोडवले तर त्याच्या डोळ्यांदेखत, अजून तो खुर्चीवरून उठलाही नव्हता, लायब्ररीतल्या अबोल बाईंनी जोडले. सिस्टर मार्व्हा म्हणाल्या, जिवंतपणी या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, बांधाच्या पाण्यावरून भांडणं होती. आता बिचाऱ्यांना कुणी सुटं राहू देत नाही.

इकडे ॲरव्हिलाबाईंकडे दोनशेच्या वर अर्ज पडले होते आणि गाडीत चौदा माणसं मावत होती. केंद्राने नव्या तक्त्यांवर शिक्के नाकारले, पण अर्जदारांचं म्हणणं सरळ होतं. डेल्विनच्या तक्त्यावर शिक्का आहे, बाकीचे त्याच झाडावरचे आहेत, मग एकाला आत आणि बाकीच्यांना बाहेर कसं ठेवणार? शेवटी चर्चच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली सभा भरली. तोवर मिरवणुकीसाठी बायकांच्या जुन्या धाटणीच्या टोप्या शिवून झाल्या होत्या, मुलांच्या विजारींना पट्टे लागले होते.

डेल्विन उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. की चूक त्याची आहे, की नील्स दोन होते, की आपण सगळे बदकवाले आहोत आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि आपण सगळ्यांनी अर्ज मागे घ्यावेत. मग ट्रुडी मागून म्हणाली, "डेल्विन, तुला पश्चात्ताप झालाय तर तू उतर गाडीतून. मी विजारी शिवल्यात, पाच."

टाळ्या ट्रुडीला मिळाल्या. ॲरव्हिलाबाईंनी निर्णय दिला की गाडीत कुणीच बसणार नाही, गाडीवान तेवढा बसेल, आणि सगळे वंशज मागून चालतील. सगळ्यांनी मान्य केलं. लोवेल लार्सन उठून बाहेर गेला.

आईला मानाची जागा मिळवून द्यायला निघालेला डेल्विन, आणि आता गाडीच रिकामी जाणार होती. त्र्याण्णव वर्षांची बाई मैलभर चालणार कशी? घरी येऊन त्याने तिला सगळं सांगितलं, चुकलो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. थोरा मटार सोलत होती. ती म्हणाली, बरं, मग मी नेहमीच्या ठिकाणी बसेन, माझी टोपी तेवढी शोधून ठेव.

चोवीस जुलैला दहा वाजता मिरवणूक निघाली. अशी मिरवणूक त्या खोऱ्याने पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही पाहिली नाही, कारण पाहायला कुणी उरलंच नव्हतं. जे वंशज नव्हते ते वाद्यवृंदात होते किंवा घोडे सांभाळत होते. मुख्य रस्ता तीन चौकांचा, त्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या. बँकेसमोरच्या झाडाखाली एक घडीची खुर्ची, तिच्यात थोरा ओकलबेरी. पाच मिनिटांनी तिच्याशेजारी दुसरी खुर्ची उघडली गेली. लोवेल लार्सन होता. दोनशे तोतयांमागून चालण्यापेक्षा बसलेलं बरं, असं तो कुणालातरी सांगणार होता, पण सांगायला समोर फक्त थोरा होती.

"तू आधी कधी पाहिली आहेस का रे मिरवणूक?" तिने विचारलं.

लोवेलने आठवून पाहिलं. "नाही. मी कायम पुढच्या बाकावर. मला नेहमी घोड्यांचे पुठ्ठेच दिसले."

"अगं बाई," थोरा हळहळली. "सत्तर वर्षं?"

रिकामी गाडी आली. तिच्यामागे गाव आलं. आणि मग चालणाऱ्यांच्या लक्षात आलं की हात हलवायला समोर दोनच माणसं आहेत. मिरवणुकीत चालणाऱ्याला कुणाकडे तरी बघून हात हलवावाच लागतो, नाहीतर तो नुसता रस्त्याने चाललेला माणूस दिसतो. मग दोनशे माणसांनी थोराकडे बघून हात हलवला. डॉक्टर किंबलनी टोपी काढली. ट्रुडीच्या पाच मुलांनी वाकून नमस्कार केला. अबोल बाई थांबून "सुप्रभात, सिस्टर ओकलबेरी" म्हणाल्या, आणि तो त्यांचा आवाज गावाने प्रथमच ऐकला. वाद्यवृंदाने झाडासमोर उभं राहून एक आख्खं गाणं वाजवलं. गर्दीत उधळायला आणलेल्या गोड गोळ्या टोपल्याच्या टोपल्या भरून होत्या, गर्दी मात्र दोघांची, त्यामुळे सगळ्या गोळ्या तिथेच पडल्या. लोवेलने कोटाचे खिसे भरले, मग टोपी भरली. तो थोराला प्रत्येक माणसाचं नाव विचारत होता आणि ती नावासकट त्याच्या आजीचं टोपणनाव सांगत होती, आणि तो इतका हसत होता की ॲरव्हिलाबाईंना वाटलं त्याला काही झालं.

डेल्विन सगळ्यांत शेवटी चालत होता. दुरून त्याला फक्त झाडाखालची पांढरी टोपी दिसत होती, बाकी रस्त्याच्या कडा मोकळ्या. त्याचं मन खट्टू झालं. आपल्यामुळे म्हातारी एकटी पडली. तो झाडाजवळ आला आणि त्याच्याने राहवेना. तो रांग सोडून तिच्या खुर्चीपाशी गेला, गुडघा टेकवून बसला आणि म्हणाला, "आई, मला माफ कर गं. तुला गाडीत बसून गाव बघायचं होतं."

थोराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हळूच एका बाजूला सारलं. मागे चौकातून गाडी वळत होती. लोवेलने गाडीवानाला ओरडून सांगितलं होतं की आणखी एक फेरी घ्या.

"ओळीत जा बाळा," ती म्हणाली. "मला गाव दिसत नाहीये."