अर्ध्या दिवसाचं गिऱ्हाईक

कुमुदमावशी माणूस भेटला की आधी त्याचं वजन सांगतात. नमस्कार, कसे आहात, वगैरे मागाहून. आमच्या वेस्ट विंडसरच्या घराच्या वास्तुशांतीला त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी. मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अडुसष्ट." मला वाटलं घराचा नंबर विचारतायत. म्हटलं, "नाही हो, चौदा." "घराचा नाही, तुझा," म्हणाल्या आणि कुंकू लावून घेऊन आत गेल्या. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी बाथरूममधल्या काट्यावर चढले. अडुसष्ट! मेलं शंभर ग्रॅमसुद्धा इकडेतिकडे नाही.

त्यांचाही दोष नाही म्हणा. मावशी भूल देणाऱ्या डॉक्टर. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी माणसं झोपवली आणि, त्या आवर्जून सांगतात, उठवली. "झोपवणं कुणालाही येतं गं. उठवण्याचे पैसे असतात." औषधाचं माप वजनावर ठरतं, त्यामुळे नजरेत काटा बसलाय. आता रिटायर झाल्या, काकाही गेले, घरात एकट्याच असतात. झोपवायला कुणी उरलं नाही म्हणून आम्हा शेजाऱ्यांवर प्रयोग चालतात.

मुख्य प्रयोग उलट्या आकड्यांचा. कुणी चिडलं, रडलं, घाबरलं, की मावशी मनगट पकडणार आणि म्हणणार, "श्वास घे. शंभरापासून उलटं मोज. बाकीचं मी बघते." आणि मोजायचं मराठीत! एकदा आयसेलिनला भाजी आणायला निघालो होतो. ट्रॅफिक ठप्प, माझा नवरा हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मागच्या सीटवरून मावशींचा हात आला. नवरा बिचारा इंग्रजी शाळेतला. नव्वदपर्यंत कसाबसा पोचला आणि अडकला. "एकोण... एकोण काय, यार? एकोणऐंशी?" "एकोणनव्वद," मावशी म्हणाल्या, "परत शंभरापासून." तिसऱ्या फेरीत तो एक्याऐंशीला पोचला तेव्हा मागचे लोक आमच्यावर हॉर्न वाजवत होते. रस्ता कधीच मोकळा झाला होता.

तर अशा या बाई एके दिवशी सकाळी दार वाजवून म्हणाल्या, "मीनल, तुला हवाई बघायची होती ना? माझ्याकडे विमानाचे माइल्स पडून आहेत. चल." मी दुसरं काही विचारलंच नाही. समुद्र, वाळू, नारळपाणी, एवढंच डोळ्यांसमोर आलं. नवीन स्विमसूट घेतला. मावशींनी मला फक्त एक काम सांगितलं. बिग आयलंडवर ज्वालामुखीच्या विवरात नेणारी अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर असते, ती बुक करायची, आणि बुकिंग माझ्या नावावर करायचं. "मीनल आणि एक पाहुणी, एवढंच लिही."

खरी गोष्ट मला विमानात कळली, तीही पट्टे बांधून झाल्यावर. "आता तुला उतरता येणार नाही, म्हणून सांगते," मावशी म्हणाल्या. "त्या टूरचा गाइड अनी आहे."

अनी म्हणजे अनिरुद्ध, त्यांचा एकुलता एक मुलगा. इथेच जन्मला, इथेच शिकला, न्यूयॉर्कला बड्या पगाराच्या नोकरीत होता. पाच वर्षांपूर्वी ती सोडून ज्वालामुखी दाखवायला हवाईला निघून गेला, एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. तो निघाला त्या दिवशी मावशी त्याला म्हणाल्या होत्या, "ही नोकरी नाही, ही सहल आहे. सहल संपली की कळव."

"एवढंच म्हणाले गं. पण तेव्हापासून त्याने मला कधी 'ये' म्हटलं नाही. दर रविवारी फोन करतो. चार मिनिटं. तिकडे पाऊस आहे, इकडे बर्फ आहे, झालं. ते वाक्य मला परत घ्यायचंय मीनल, आणि फोनवर ते जमत नाही. तोंड उघडलं की माझ्या तोंडून हवामानच निघतं."

"मग सरळ त्याच्या घरी जाऊ या की!"

"बोलावलं नाही तर कशी जाऊ? गिऱ्हाइकाला कुणी येऊ नको म्हणत नाही."

मी कपाळावर हात मारला. पोटच्या पोराला भेटायला ही बाई तिकीट काढून निघाली होती. हसू का रडू मला कळेना. त्यात स्विमसूट बॅगेत तसाच राहणार, हे दुःख वेगळंच.

सकाळी सातला आम्ही पार्किंग लॉटमध्ये हजर. बारीक पाऊस, धुकं, झाडं हिरवीगार, आणि व्हॅनपाशी टोपी घातलेला एक दाढीवाला तरुण लोकांच्या बुटांचे तळवे तपासत होता. मावशी लांबच थांबल्या. मला वाटलं, आता डोळ्यांतून पाणी काढतील. त्या हळूच म्हणाल्या, "सहा किलोंनी उतरलाय."

आम्ही पुढे गेलो. त्याने वर बघितलं. हातातला कुणाचा तरी बूट हातातच राहिला. आणि मावशी काय म्हणाल्या असतील? "गुड मॉर्निंग. वुई हॅव अ बुकिंग."

त्याने बूट खाली ठेवला, बोर्डवरचे दोन कागद काढले आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅम. प्लीज साइन धिस फॉर्म." आईचाच मुलगा तो!

फॉर्म नेहमीचाच. पडलात, धडपडलात तर आमची जबाबदारी नाही, वगैरे. खाली एक रकाना होता, अडचण आली तर कुणाला कळवायचं? मावशी तिथे बराच वेळ पेन धरून उभ्या होत्या. मग त्यांनी भरभर लिहिलं आणि कागद दिला. अनीने तो वाचला, पुन्हा वाचला. त्या रकान्यात त्याचंच नाव होतं आणि त्याचाच नंबर.

"मॅम," तो इंग्रजीतच म्हणाला, "हा माणूस पुढचे पाच तास फोन उचलू शकणार नाही."

"आय नो," मावशी म्हणाल्या. "तो कामात असतो."

सांगते तुम्हाला, मी तिथून निघून व्हॅनच्या मागे गेले आणि नाक शिंकरून आले.

ग्रुपमध्ये आम्ही आठ जण. मावशींनी व्हॅनमध्येच सगळ्यांची वजनं माझ्या कानात सांगून टाकली. टेक्सासहून आलेला एक आडदांड गृहस्थ होता, त्याला एकशे तीस दिले. ओरेगनच्या एक पांढऱ्या केसांच्या आजी होत्या, त्यांना बावन्न. आजी फार बोलक्या. मावशींना त्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच ज्वालामुखी बघताय?" मावशी म्हणाल्या, "हो, आत्तापर्यंत घरूनच बघत होते."

झाडीतून वाट खाली उतरत गेली आणि एकदम समोर विवर उघडलं. काळंभोर मैदान, भेगाळलेलं, आणि भेगांतून ठिकठिकाणी वाफ वर येत होती. अनी सांगत होता, इथे एके काळी उकळत्या लाव्ह्याचं तळं होतं, त्याच्यावर साय धरावी तसं वरचं कवच थिजत गेलं आणि आज आपण त्या सायीवरून चालणार आहोत. छान सांगत होता हो! हातात दगड घेऊन म्हणाला, "धिस इज बसाल्ट." मावशींनी हात वर केला. "आमच्या महाराष्ट्रात याच दगडाचा पाटा-वरवंटा करतात. आमचा सगळा मुलूखच लाव्ह्यावर बसलाय." अनी म्हणाला, "करेक्ट, मॅम. माझ्या आईकडे असा एक आहे. तिने तो सूटकेसमध्ये घालून अमेरिकेत आणला होता." "तेव्हा सामानाचं वजन कडक नव्हतं," मावशी म्हणाल्या. ग्रुप हसला. त्यांना काय कळलं कोण जाणे.

मावशींची परीक्षा मात्र चालूच होती. त्या बघत होत्या दगडांकडे, पण लक्ष सगळं त्याच्याकडे. "दर दहा पावलांनी मागे वळून बघतोय," मला म्हणाल्या. "मोजलंस का तू? मी मोजलं." एकदा नीट दिसावं म्हणून त्या खुणेच्या दगडांच्या पलीकडे गेल्या, तर लगेच आवाज आला, "मॅम, प्लीज स्टे ऑन द ट्रेल." आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनांना दटावत आलेली बाई निमूटपणे परत आली. चेहरा असा, की शाबासकी मिळालीय.

विवराच्या मध्यावर गंमत झाली. आमच्या आडदांड गृहस्थाच्या पायाजवळच्या भेगेतून भस्सकन वाफ आली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जागचा हलेना. छाती भात्यासारखी वरखाली, ओठ पांढरे. मावशी ताडकन निघाल्याच, मी त्यांची बाही धरली. अनी तिथे पोचलाही होता. त्याने त्या माणसाला खाली बसवलं, समोर उकिडवा बसला आणि त्याचं मनगट हातात घेतलं.

"दोन बोटं," मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या. "नाडीला अंगठा नाही लावला. बरोबर."

आणि मग अनी त्या माणसाला शांतपणे म्हणाला, "ब्रीद. शंभरापासून उलटं मोज. बाकीचं मी बघतो."

इंग्रजीतच म्हणाला, पण शब्द तेच होते. मावशींनी माझा हात असा काही आवळला की मी ओरडणारच होते. तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा मोजत होता, नाइंटी-नाइन, नाइंटी-एट... एक्याण्णवपर्यंत आला आणि हसला. उठला, पँट झटकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी नाही वाजवल्या. त्या चष्मा पुसत होत्या. वाफ आली म्हणाल्या चष्म्यावर. वाफ दुसरीकडे होती, पण मी कशाला बोलू?

परतीचा चढ खडा होता. नागमोडी वाट, पायऱ्या, आणि मावशींचं वय चौऱ्याहत्तर. निम्म्यात दम लागला. अनी खाली आला, हात पुढे केला. मावशी तिथेही अडल्या. "इतर गिऱ्हाइकांना देतोस का हात?" हे मराठीत. त्याच्याशी सकाळपासूनचं पहिलं मराठी.

"फक्त सत्तरच्या वरच्यांना."

"मग दे."

वर येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. मी मागून एकटीच धापा टाकत येत होते, अडुसष्ट किलो घेऊन. माझ्याकडे वळून बघायला त्या घडीला कुणाला वेळ नव्हता, आणि खरं सांगते, मला राग आला नाही.

पार्किंगमध्ये आल्यावर अनीने सगळ्यांना अननसाच्या फोडी दिल्या आणि शेवटचं विचारलं, कुणाला काही प्रश्न, कुणाला काही सांगायचंय? तो गृहस्थ थँक यू म्हणाला. ओरेगनच्या आजी म्हणाल्या, आयुष्यातली सुंदर सकाळ. मावशींच्या हातात अननसाची फोड, ती तशीच. मी त्यांना कोपराने ढोसलं. आता नाही तर कधी?

"अनी," त्या म्हणाल्या. आवाज एवढासा. "मी चुकले रे."

सात लोक त्या दोघांकडे बघत होते. ओरेगनच्या आजींना राहवेना. "काय म्हणाल्या त्या?"

चुकणं म्हणजे आपल्याकडे दोन्ही. हातून चूक होणं तेही, आणि रस्ता हरवणं तेही. अनीला दोन्ही अर्थ कळत होते. चारचौघांत आईची अब्रू राखणारा अर्थ त्याने निवडला.

"शी सेज शी वॉज लॉस्ट," तो म्हणाला.

"लॉस्ट?" आजी चकित. "शक्यच नाही! सकाळपासून ती एक पाऊलसुद्धा तुझ्यापासून लांब गेलेली नाही."

त्यावर अनीने टोपी काढली, तोंड फिरवून डोळे पुसले आणि त्याच्या त्या अमेरिकन मराठीत म्हणाला, "आई, घरी चल. मी खिचडी करतो." आजी, टेक्सासचा गृहस्थ, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "आई म्हणजे काय?" कुणीतरी मला विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर तिथे जी मिठ्यामारी झाली तिचं वर्णन मी करत नाही. एकशे तीस किलोंनी मलासुद्धा जवळ घेतलं.

मावशी आठवडाभर मुलाकडे राहिल्या. मी हॉटेलात एकटी, समोर समुद्र. स्विमसूट वसूल झाला.

घरी परतल्यावर दोन दिवसांनी त्या लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. टूर कंपनीची मला आलेली ईमेल मी त्यांना पाठवली होती, तुमचा अनुभव लिहा म्हणून. तासभर दोन बोटांनी टाइप करत होत्या, खोडत होत्या, मला बघू देत नव्हत्या. शेवटी दाखवलं. इंग्रजीत लिहिलं होतं: गाइड वेळेवर आला. सगळ्यांत मागे राहिलेल्या माणसाकडे सतत वळून बघत होता. घाबरलेल्या माणसाची चेष्टा केली नाही, त्याच्याशेजारी बसला. आपलं काम त्याला उत्तम येतं. त्याने स्वतः वेळेवर जेवावं.

आणि वर तारे चार.

"अहो मावशी!" मी म्हटलं, "एवढं सगळं लिहिलंत आणि चारच? पाच द्या की!"

"वेडी आहेस का?" त्यांनी घाईघाईने बटण दाबलं. "पाच दिले तर लोकांना कळेल ना, आई आहे म्हणून."