आप्पांचा न मिळणारा डाय

रोहिदासआप्पांच्या गॅरेजात गाडीचं चाक काढलं की ते आधी डोळे मिटतात. मग स्पिंडलच्या टोकावरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवतात. नख कुठं अडखळलं की घासात खडा लागल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. डोळे उघडून ते गाडीवाल्याला नाही, त्या स्पिंडललाच विचारतात, "कोनी मारं रे तुले?"

स्पिंडल म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो जाड लोखंडी दांडा. त्याच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर बसणारा नट चाकाला धरून ठेवतो. आम्ही टेम्पोवाले घाईची माणसं. नट बोटांनी सरळ न लावता वाकडाच पान्ह्यानं आवळतो. बेअरिंग निघेना की हातोडा घालतो. आटे चेपतात. मग सुरतेच्या बमरोलीतला कुठलाही मेकॅनिक सांगतो, "नवीन टाका." आप्पा मात्र पोतं अंथरून खाली बसतात, त्रिकोणी कानस घेतात आणि एकेक आटा घासून उभा करायला लागतात.

त्यात अख्खी दुपार जाते. शेजारच्या बाकावर आम्ही कापडाचे गठ्ठे वाहणारे ड्रायव्हर चुळबुळत असायचो. कुणी गुजराती ड्रायव्हर किती वेळ लागेल ते विचारायचा, "केटली वार, आप्पा?"

"लोखंड छे भाई, रोटली नथी."

आणि आमच्यासारख्या मराठी माणसांना त्यांच्या खानदेशी बोलीत ठरलेलं उत्तर, "बठ रे भो. काय घाई शे तुले?"

असे आटे सरळ करायला डाय मिळतो, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. दोन फाकांचा असतो. मागच्या चांगल्या आट्यांवर आवळायचा आणि बाहेरच्या बाजूला फिरवत आणायचा, काम झालं. पण आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे या मापाचा डाय सुरतेत मिळतच नव्हता. एकदा म्हणाले, कंपनीनं बनवायचा बंद केला. एकदा म्हणाले, तो जहाजातून येतोय. काही महिन्यांनी कुणीतरी जहाजाची चौकशी केली, तर म्हणाले, "हजीऱ्याच्या बंदराला लागलंय. पण माल उतरवून घ्यायला माणसं नाहीत."

मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. आप्पांची कानस गप्पांवर चालायची. कुणाच्या सासूचे गुडघे, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या घरमालकाचा कुत्रा, सगळं खोदून खोदून विचारायचे आणि पुढच्या खेपेला बरोबर तिथूनच पुढं विचारायचे. समोरचा सांगत असला की कानस सुरात चालायची. तो गप्प झाला की थांबायची. मी परभणीकडचा, त्यातून अबोल. त्यामुळे माझ्या टेम्पोला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

आता जे लिहितोय ते मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

एका दुपारी आप्पा दिनेशभाई नावाच्या गुजराती ड्रायव्हरच्या टेम्पोचे आटे घासत बसले होते. माझ्यासकट बाकावरच्या सगळ्यांचे टेम्पो जॅकवर, चाकं काढलेली. एवढ्यात दिनेशभाईला फोन आला. ऐकता ऐकताच तो उठून उभा राहिला. चलथाणच्या पुढं शेतात त्याचं घर. म्हातारी आई मोरीत पडली होती. बायको एकटी, तिला उचलवत नव्हतं आणि आसपासची सगळी माणसं उसाच्या तोडीला गेली होती.

"आप्पा, बा पडी गई," एवढंच तो म्हणाला.

आप्पांनी कानस खाली ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं, बाकावरच्या बाकीच्यांकडे बघितलं. मग उठून आतल्या खणातून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. फडकं सोडलं तर आत डाय. दोन फाकांचा, नेमका त्याच मापाचा, आणि असा चकचकीत की रोज पुसत असावेत.

चहा निवायच्या आत आटे सरळ झाले. नट बोटांनी फिरला. चाक चढलं आणि दिनेशभाई निघालासुद्धा. संध्याकाळी त्याचा फोन आला, हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे.

पण तो फोन नंतरचा. त्याआधी, टेम्पो वळणाआड गेल्याबरोबर, मी मोठ्यानं म्हणालो, "काय आप्पा, जहाजावरचा माल उतरला म्हणायचा! इतकी वर्षं आम्हाला उगीच बसवून ठेवलंत!"

सगळा बाक हसला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर माणसं अशी हसली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. आप्पाही हसले. मग पाठ करून डाय पुसत बसले, पुसून झाला तरी पुसत राहिले. मी जवळ गेलो तेव्हा वर न बघता हळूच म्हणाले, "घर मा कोन शे भो बोलाले?"

आप्पांची बायको, आमच्या वहिनी, गेल्याचं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तेराव्याला जेवूनही आलो होतो. पण त्यानंतर हा माणूस संध्याकाळी शटर ओढून मागच्या खोलीत कुणाशी बोलत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून जो येतो तो उभ्या उभ्या सांगतो, "आप्पा, डाय मारा." आप्पा मारून देतात. तो जातो. बाकावर आता टायरं ठेवलेली असतात.

गेल्या रविवारी मी चालत गेलो. आप्पांनी माझ्या मागं रस्त्याकडे बघितलं. "गाडी कुठंय?"

"नाही आणली."

"मग काय काम?"

"काम काही नाही. त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, आप्पा."

आप्पांनी हातातला पान्हा एकदा इकडे ठेवला, एकदा तिकडे ठेवला. बिनकामाच्या माणसाचं काय करायचं, ते त्यांना सुचत नसावं. मग विचारलं, "जेवना का?"

मी घरून जेवून निघालो होतो. म्हणालो, "नाही."

त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि मागच्या खोलीत गेले. मीही गेलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टोपल्यात होत्या, भाजी झाकून ठेवलेली होती. ताट एकच बाहेर होतं. आप्पा स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून दुसरं काढलं. त्याच्यावर धूळ बसली होती. त्यांनी ते धुतलं, उजेडात धरून बघितलं, परत धुतलं आणि माझ्यापुढं ठेवलं.