कोंडाजीची गुणाची बायको

मुंबईच्या कापडगिरणीत कोंडाजीने आपल्या बायकोचे इतके गुण गायले होते, की अख्ख्या मागखात्यात तिच्याबद्दल आदर होता. बायजा म्हणे गरीब गाय, नवऱ्यापुढे कधी शब्द काढत नाही, आणि तिच्या हातची वालाच्या शेंगांची पोपटी तर देवांनी मागून खावी! ऐकून ऐकून पौषातल्या एका रविवारी मुकादम दयारामच एस.टी.ने पालीला उतरले आणि सुट्टीवर आलेल्या कोंडाजीच्या गावात येऊन थडकले. कोंडाजीला बदली कामगारावरून कायम करायचं की नाही, ते त्यांच्याच हातात होतं.

"मुकादम जाईस्तवर तोंड उघडू नगंस," कोंडाजीने बायजाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

"न्हाय उघडत. पन पोपटी मी कवा लावली? शेतावर मामंजी लावायचे ती."

"मंग मीच लावतो. तू निस्ती बाजूला हुबी ऱ्हा."

बायजा शेतावर जाऊन बाजूला उभी राहिली. कोंडाजीने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, वालाच्या शेंगा भरल्या, मीठ-ओवा टाकला. इथवर ठीक होतं. पण सहा वर्षं मुंबईच्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवणारा तो हात! सवयीने त्याने वर तांब्याभर पाणी ओतलं. पोपटी शिजते पाल्याच्या वाफेवर, आणि तिच्यात पाणी! बायजाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. जाळासाठी मडकं उपडं मांडतात एवढं लक्षात ठेवून कोंडाजीने मोठ्या ऐटीत ते उपडं केलं आणि सगळं पाणी शेजारी बसलेल्या मुकादमांच्या नव्या बुटांत गेलं.

"आरं मुडद्या!" नवऱ्याला अहोजाहो करायचंही बायजा विसरली. "पोपटीत पानी घालतंय का कोन? सर तिकडं! आन् मुकादम, तुमी वो काय बगत बसलाव? बुटं काडा आन् जाळाला पेंडा आना!"

साठ माणसांना धाकात ठेवणारे दयाराम अनवाणी पळाले. त्यांच्यामागे आपली नोकरीही पळताना कोंडाजीला दिसली.

सासऱ्याची पोपटी बायजाने दहा हिवाळे पाहिली होती. तिने मडकं नव्याने भरलं, पाल्याने तोंड बंद करून उपडं मांडलं, जाळ लावला आणि अर्धा तास दोघांना पेंढ्यासाठी पळवलं. मडकं उघडलं तसा ओव्याचा वास शेतभर पसरला. मुकादम मांडी घालून बसले ते शेंगांचा ढीग फस्त करूनच थांबले.

"कोंडाजी, उद्यापासनं तू कायम," ते बोटं चाटत म्हणाले. "पन मागखात्यात बायका घेत असते, तर तुला घरी बसवून हिलाच घेतली असती. आज दोन कामचुकारांकडनं काम करून घेतलं तिनं."

"घ्या की," बायजा म्हणाली. "पन मंग हितली शेती कोन बघंल? ह्यो?"

मुकादमांना हसता हसता ठसका लागला. कोंडाजीही पोट धरून हसला. उगाच इतकी वर्षं आपण हिचे नसलेले गुण सांगत बसलो. असलेले सांगितले असते तर कधीच कायम झालो असतो, असं त्याला वाटलं.