मॅडम तिखट हार्डली खातात

टोकावड्याच्या जगदीशला इंग्रजी येत होतं. निदान तसं तो आपल्या ढाब्यावर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगायचा. सहा महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यानं एक नियम शोधला होता: शब्दाच्या मागं 'ली' लावली की त्याचा जोर दुप्पट!

त्या रविवारी बेंगळुरूहून ट्रेकिंग कंपनीच्या मॅडम जेवायला यायच्या होत्या. चव पसंत पडली तर दर शनिवार-रविवारी चाळीस जणांचं जेवण जगदीशकडं!

"तू चुलीपाशी थांब गो," त्यानं बायकोला, अनिताला बजावलं. "बोलायचं मी. सगळं इंग्लिशमधे."

मॅडम आल्या. जगदीश "गुड मॉर्निंग!" असा ओरडला की बाहेर उभ्या एसटीच्या कंडक्टरनंसुद्धा उलटून "गुड मॉर्निंग" केलं. दुपारचा दीड वाजला होता.

मॅडम हसून म्हणाल्या, "आय हार्डली ईट चिली."

जगदीश धावत मागच्या स्वयंपाकघरात. "हार्ड म्हणजे कडक. हार्डली म्हणजे डबल कडक! कोंबडीत मिरची वाढव!"

"बाई तर नाजूक दिसते वो."

"इंग्लिश तुला येतं का मला?"

अनितानं मूठभर मिरची वाटून घातली. मॅडमनी पहिला घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. पण बाई सभ्य. डोळे टिपत म्हणाल्या, "इट्स... स्लाइटली हॉट."

जगदीश पुन्हा आत. "लाइट पडलं म्हणतात! त्यात ली लावली, म्हणजे अगदीच पांचट! ठेचा दे!"

ठेचा भाकरीवर थापून तो हात जोडून समोरच उभा राहिला. बिचाऱ्या मॅडमनी भिडेपोटी तोही खाल्ला. मग त्यांच्या घशातून कसाबसा आवाज निघाला, "आय कॅन बेअरली स्पीक!"

"नो बीअर, मॅडम!" जगदीश दचकून म्हणाला. "फॅमिली ढाबा!"

हा गोंधळ ऐकून अनिता बाहेर आली. "अवो, तोंड बघा त्यांचं! बाई, ताक देऊ का, ताक?"

"द्या हो, द्या! मोठा पेला द्या!"

मॅडम बोलल्या होत्या. स्वच्छ मराठीत!

तीन पेल्यांनंतर उलगडा झाला. मॅडमचे वडील रेल्वेत होते, त्यामुळं त्यांची सगळी शाळा नागपुरात झाली होती. "तिथं राहूनही तिखट काही सोसलं नाही. दादा, हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच."

"मग पहिल्यापासून मराठीत का नाय बोललात?" अनितानं विचारलं.

"ते इतक्या हौसेनं इंग्लिश बोलत होते. म्हटलं, विरस कशाला करा?"

भाकरी मॅडमना आवडली होती. ठेचा वेगळ्या वाटीत द्यायच्या अटीवर काम मिळालं. जाताना त्यांनी वहीत संपर्कासाठी नाव लिहून घेतलं. अनिताचं.

जगदीशनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अनितानं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

"थँक्यू," तो म्हणाला आणि भांडी उचलायला लागला.