जवळजवळ तयार होडी

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर गल कोव्ह नावाचं गाव आहे आणि त्या गावात आमचं हौशी नौकाबांधणी मंडळ आहे. मंडळाच्या घटनेचं पहिलं कलम असं की, जी व्यक्ती स्वतःच्या हातांनी शिडाची होडी बांधत आहे, ती सदस्य होय. 'बांधत आहे.' क्रियापदाचा काळ महत्त्वाचा आहे. घटनाकारांनी 'बांधली आहे' असं लिहिलं नाही, कारण होडी बांधून झालेला माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

गावात ज्याच्याकडे कोठार आहे त्याच्याकडे होडी आहे. काहींची आजोबांनी सुरू केलेली आहे. आमचे अध्यक्ष कमोडोर लेलँड बील यांच्या होडीच्या तळातून बर्चचं झाड उगवलं, तेव्हा तेच डोलकाठी म्हणून वापरायचं ठरलं. झाड अजून वाढतंय, त्यामुळे डोलकाठीची उंची ठरत नाही, आणि उंची ठरत नाही म्हणून शीड कापता येत नाही. लेलँडसाहेब दर वसंतात झाडाला खत घालतात. कमोडोर ही आरमारी पदवी त्यांना त्यावरूनच मिळाली.

रस्त्यात दोघं भेटले की हवापाण्याची चौकशी आमच्यात होत नाही. एकाने म्हणायचं, "होडी?" दुसऱ्याने म्हणायचं, "जवळजवळ." संपलं. चर्चच्या दारात हेच, न्हाव्याकडे हेच. म्हातारा एझ्रा वारला तेव्हा त्याच्या बायकोला भेटायला आलेल्यांनीही आधी हेच विचारलं, आणि त्या माउलीनेही डोळे पुसत हेच उत्तर दिलं.

अशा या सुसंस्कृत गावात, एका जून महिन्यात, होलिस थर्लोच्या हातून होडी पूर्ण झाली.

होलिस निवृत्त दंतवैद्य. गावातल्या निम्म्या दाढा त्याने भरलेल्या, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता. त्या सकाळी तो रंधा घेऊन कोठारात गेला आणि होडीभोवती फिरू लागला. रंधा मारायला जागा सापडेना. स्क्रू पिळायला जागा सापडेना. इपॉक्सी भरायला भोक सापडेना, आणि भोक दिसलं की भरायचं हा तर त्याच्या हाडीमासी खिळलेला धंदा. शेवटी तो स्टुलावर बसून राहिला. त्याची बायको आर्डिथ कॉफी घेऊन आली.

"काय रे, असा का बसलास?"

"झाली."

"काय झाली?"

"होडी."

आर्डिथने कॉफी खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती स्वतः होडीभोवती फिरली, आणि फिरून आल्यावर तिने कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

आर्डिथला घाई होती, त्याला कारण होतं. तिची थोरली बहीण व्हर्ना खाडीपलीकडे हेरन बेटावर राहायची. टपालाची लाँच माणसाला कॉफी निवायच्या आत तिथे पोचवते. पण नवी नवरी असताना आर्डिथने बहिणीला तोऱ्यात सांगितलं होतं, "तुझ्या बेटावर येईन तर आमच्या होलिसच्या होडीतून येईन." आर्डिथ बोललेलं मोडणारी बाई नव्हे. त्यामुळे आयुष्यभर व्हर्नाच इकडे येत राहिली. आता व्हर्नाचे गुडघे गेले होते, बेटावरचं घर विकलं गेलं होतं आणि सप्टेंबरात लेबर डेची सुट्टी झाली की मुलगा तिला फ्लोरिडाला नेणार होता. म्हणजे जायचं तर याच उन्हाळ्यात.

"काढ ती बाहेर," आर्डिथ म्हणाली. "व्हर्ना दरवर्षी माझ्या वाट्याच्या ब्लूबेरी झुडपावर ठेवते. दरवर्षी त्या अस्वल खातं."

होडी पाण्यात घालायला गावात एकच उतार, तो मंडळाचा. त्याचा तसा वापर कधी झाला नव्हता. त्यावर जिरेनियमच्या कुंड्या आणि सहभोजनाची बाकं मांडलेली होती. होलिसने रीतसर सभेत विनंती केली. सभागृहात चमचा पडला असता तर ऐकू आला असता, आणि तो पडलाच, कारण चाउडर, म्हणजे शिंपल्यांचं दाट सूप, चाललं होतं.

"पूर्ण?" कमोडोर म्हणाले. "म्हणजे सगळी?"

"हो."

"डॉक्टर, जरा विचार करून बोला. उतार सदस्यांसाठी. सदस्य कोण, तर जो होडी बांधत आहे. तुमची बांधून झाली. मग तुम्ही सदस्य कसले?"

"मग अपूर्ण म्हणून घालू द्या."

"अपूर्ण होडी पाण्यात? बुडलात तर?"

होलिसने तोंड उघडलं. दंतवैद्याला समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची सवय. स्वतःचं उघडं पडल्यावर काय बोलायचं ते त्याला सुचेना. कमोडोरांना त्याची दया आली. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"हे बघ होलिस, तू आपला माणूस. माझ्या दोन दाढा तुझ्या आहेत. होडी पूर्ण आहे हे तूच म्हणतोयस ना? उपसमितीने कुठे म्हटलंय? एकदा तपासणी होऊ दे. तुला काढून टाकायची वेळ आमच्यावर आणू नकोस."

तपासणी उपसमितीच्या प्रमुख प्रुडन्स ॲली. प्रुडन्सबाईंना बोट लागते, त्यामुळे त्या कधी पाण्यावर गेलेल्या नाहीत आणि म्हणूनच त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जातं. होड्यांच्या सामानाचे सगळे कॅटलॉग त्यांना पाठ. त्यांनी होडीत डोकं घातलं आणि उदास होऊन बाहेर काढलं.

"होकायंत्र एकच आहे."

"एकच पुरतं," होलिस म्हणाला. "बेट दिसतं की इथून."

"आणि ते बिघडलं तर?"

"बेट?"

"होकायंत्र, डॉक्टर."

दुसरं होकायंत्र बसलं. दोन्ही होकायंत्रं शेजारी शेजारी बसल्यामुळे एकमेकांना ओढू लागली आणि एक प्रुडन्सबाईंकडे उत्तर दिशा दाखवू लागलं, दुसरं कोठाराच्या दाराकडे. कोणतं खोटं हे ठरवायला तिसरं बसलं. रात्री ती दिसावीत म्हणून दिवे आले. दिव्यांना बॅटरी आली, ती संपली तर म्हणून दुसरी आली, दोघींना ओल लागू नये म्हणून हीटर आला, आणि हीटर म्हणजे आग, म्हणून आग विझवायची नळकांडी आली. "माणूस तिथवर जाऊन थकणार," असं म्हणून उपसमितीने बिछाना सुचवला, बिछान्याला उशी, उशीशेजारी वाचायला फळी, आणि फळीवर ठेवायला सागरी सुरक्षेवरची पुस्तकं, जी सगळ्यात जड निघाली.

प्रत्येक सूचनेसरशी होलिसचा चेहरा खुलत गेला, हे मात्र सांगायला हवं. त्याला पुन्हा भोकं सापडली होती. रस्त्यात कुणी "होडी?" म्हटलं की तो ताठ होऊन "जवळजवळ" म्हणायचा. लोक त्याला पुन्हा चाउडर वाढू लागले.

जुलै सरता सरता हिशेब निघाला की एवढ्या सामानासह होडी पाण्यात ठेवली तर ती पाण्यातच राहील, वर नाही. उपाय उपसमितीजवळ तयार होता. मधोमध कापायची, दोन्ही तुकडे लांब सरकवायचे आणि मध्ये नवा भाग घालायचा.

"कापायची?" आर्डिथ म्हणाली. तिच्या हातात कणसं होती. "तयार होडी?"

"जवळजवळ तयार," होलिसने दुरुस्ती केली.

"ऑगस्ट लागतोय, होलिस."

"नुसती लांब करायची आहे, आर्डी. आहे तश्शीच, फक्त लांब."

करवत चालली. होडीचं पुढचं टोक अंगणात आलं, मागचं कोठारात राहिलं, आणि मध्ये जो नवा भाग झाला त्यात पुस्तकांची आणखी एक फळी बसली. सगळं जुळवून झाल्यावर कळलं की होडी आता कोठाराच्या दारात अडकली आहे. पुढेही जाईना, मागेही जाईना. कोठार पाडावं तर छप्पर होडीवर टेकलेलं. कमोडोर स्वतः बघायला आले, त्यांनी टोपी काढली आणि होलिसच्या खांद्यावर हात ठेवला. "असं काम," ते म्हणाले, "या गावात माझ्या झाडानंतर झालं नव्हतं." त्याच आठवड्यात होलिसची उपाध्यक्षपदी निवड झाली.

आर्डिथ अभिनंदनाला थांबली नाही. कापाकापीत उरलेल्या फळ्या तिने अंगणातून उचलल्या, फडताळाची दोन दारं काढली, आणि ओसरीवर बसून एक सपाट बुडाची होडी ठोकली. रंधा मारला नाही. भेगांमध्ये जुन्या ब्लँकेटच्या चिंध्या आणि उरलेलं इपॉक्सी कोंबलं. लाकडं झाकायची निळी ताडपत्री कापून शीड केलं, झाडूची काठी त्याला आडवी बांधली आणि कपडे वाळत घालायचा खांब डोलकाठी म्हणून उभा केला. दारांना अजून मुठी होत्या. त्या तिने काढल्या नाहीत, धरायला बऱ्या म्हणून.

लेबर डेच्या आदल्या दुपारी मंडळाचं सहभोजन होतं. सगळे उतारावर, कुंड्यांच्या मध्ये, गळ्यात कागदी रुमाल बांधून लॉब्स्टर फोडत बसले होते. भरती भरत आली होती. तेवढ्यात आर्डिथ ढकलगाडीवर होडी घालून शेजारच्या चिखलातून पाण्याकडे निघाली. त्या चिखलातून शिंपलेवाले रोज जातात. मंडळाला ती वाट ठाऊक नव्हती.

सगळ्यात आधी प्रुडन्सबाई उठल्या. "आर्डिथबाई, याला होडी म्हणता येणार नाही."

"मी कुठं म्हणतेय? मी याला व्हर्नाकडं जाणं म्हणतेय."

"डोलकाठी वाकडी आहे," कुणीतरी म्हणालं.

"होकायंत्र कुठंय?"

आर्डिथने हात वर करून बेट दाखवलं. बेट होतं तिथेच होतं.

"नोंदणी झाली आहे का या... या दारांची?" कमोडोरांनी विचारलं.

"आत्ता उघडते बघा," असं म्हणून ती आत बसली आणि एका मुठीला धरून दुसऱ्या हाताने वल्हं चिखलात रोवलं. होडी सुटली. जरा एका बाजूला कलली, विचार केल्यासारखी थांबली आणि मग ताडपत्रीत वारा भरला. आमच्यापैकी कुणीच कधी शिडात वारा भरताना जवळून पाहिला नव्हता. त्याचा आवाज होतो. सगळ्यांचं लॉब्स्टर खाणं थांबलं.

आर्डिथने मान वळवली. पाणी अजून पोटरीएवढंच होतं. दोन पावलं टाकली असती तरी पोचता आलं असतं.

"होलिस," ती ओरडली, "येतोस?"

होलिस उभा राहिला. गळ्यातला कागदी रुमाल त्याने सोडला. एक पाऊल टाकलं, कुंडी ओलांडली. त्याच्या दुसऱ्या हातात पॉलिशपेपर होता. हल्ली तो जेवतानाही हातात असायचा. त्याने पाण्याकडे बघितलं, कोठाराकडे बघितलं, उपाध्यक्षाच्या खुर्चीकडे बघितलं.

"जवळजवळ," तो म्हणाला.

लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी टपालाच्या लाँचने त्याच्या नावाने एक 'पाय', म्हणजे ब्लूबेरी भरून भाजलेला गोल केक, आला. तोही जवळजवळ पूर्ण होता. दोघी बहिणींनी आपापले तुकडे काढून घेतले होते. आर्डिथ आली नाही. व्हर्नाबरोबर तीही फ्लोरिडाला निघाली, आणि ती दारांची होडी लाँचच्या टपावर बांधून नेली, असं लाँचवाला सांगत होता.

आता तुमच्या मनात येत असेल, की फडताळाची दारं खाऱ्या पाण्यात टिकतील कशी? ताडपत्रीचं शीड खाडीच्या वाऱ्यात फाटणार नाही का? आणि सुकाणूच नाही तर वळली कशी? शंका अगदी रास्त आहेत. प्रुडन्सबाईंनाही नेमक्या याच आल्या होत्या. आमच्या तपासणी उपसमितीत एक जागा रिकामी आहे. या, बसा, चाउडर गरम आहे. तुमची स्वतःची होडी कुठवर आली, हे कुणी विचारणार नाही. उत्तर आम्हाला ठाऊक आहे.